न्यूट्रलची तार



या व्यासपीठावर विद्वानांची भाषणे होतात. आम्ही विद्वान नव्हे. वीजकामगारांच्या संघटनेचे काम करता करता लाइनमन मंडळींकडून जे ऐकले आणि रात्री चार पुस्तके चाळून जे पडताळले, तेवढेच आमचे भांडवल. पण विषय घरोघरीचा आहे. वैशाखातला वळीव गडगडू लागला की वीज जाते, येते, पुन्हा जाते. आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याच्या दुकानात टीव्हींची रांग लागते. तो सांगतो, "व्होल्टेज जास्त आले." का आले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आपल्या घरी येणारी वीज 230 व्होल्टची. रस्त्यावरच्या रोहित्रातून, ज्याला आपण सारे डी.पी. म्हणतो, फेजच्या तीन तारा निघतात आणि चौथी न्यूट्रलची. साध्या घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळते. कोणत्याही दोन फेजमध्ये मात्र सुमारे 400 व्होल्ट असतात. आता या चौथ्या तारेचा सांधा गंजला, किंवा फांदी पडून ती तुटली, तर काय होते? वीज गेली असती तर बरे, असे म्हणण्याची पाळी येते. वीज चालूच राहते. पण वेगवेगळ्या फेजवरची घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते 400 व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ही वाटणी न्यायाची नसते. ज्याच्याकडे गीझर आणि इस्त्री चालू, त्याच्या वाट्याला थोडे व्होल्ट. ज्याच्याकडे एक दिवा आणि एक टीव्ही, त्याच्या माथी उरलेले सगळे. काटकसरी माणसाचे घर आधी जळते! आपला दिवा एकाएकी लखलखला, पंखा सुसाट सुटला आणि शेजाऱ्याचे दिवे त्याच वेळी मंदावले, की ओळखावे. आधी मेन स्विच पाडावा, तक्रारीचा फोन मागाहून.

"आमच्याकडे एम.सी.बी. आहे की!" असे पुष्कळजण म्हणतात. तो प्रवाह मोजतो, व्होल्टेज नव्हे. स्टॅबिलायझर सावकाश होणारी चढउतार सांभाळतो. पण आकाशातल्या विजेचा तडाखा सेकंदाच्या लाखाव्या हिश्शात येऊन जातो, तोवर त्याला जागही येत नाही. त्यासाठी सर्ज संरक्षक मिळतो. त्यात झिंक ऑक्साइडची चकती असते. एरवी ती गप्प असते, तडाखा आला की त्याला जमिनीची वाट मोकळी करून देते. मात्र असे घाव सोसून ती झिजते, म्हणून बदलावी लागते. न्यूट्रल तुटले तर जादा व्होल्टेज मिनिटेच्या मिनिटे टिकते आणि ही चकती स्वतःच जळते. तिथे व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच जोडणी तोडणारे वेगळे उपकरण मेनजवळ हवे. आणि जमिनीची वाट म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत तीन भोकांचे सॉकेट दिमाखात असते आणि तिसऱ्या भोकामागे तारच नसते! तारतंत्र्याकडून ते तपासून घ्यावे. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे.

फ्रिजचे एक सांगतो. वीज जाऊन लगेच आली की काँप्रेसरमधला दाब उतरलेला नसतो; मोटर अडते, तापते. तीन ते पाच मिनिटे थांबून मग फ्रिज चालू करावा. आणि गडगडाट दूर आहे तोवरच टीव्हीची पिन काढून ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. मैलभर हवा फोडून आलेल्या विजेला बटणातली फट ती काय? केबलची आणि इंटरनेटची तारही काढावी, कारण तीही बाहेरूनच येते.

पण घरात कितीही पेट्या बसवल्या, तरी खांबावरचा सांधा घट्ट करायला माणूसच लागतो. पावसाळ्याआधी फांद्या छाटणे, सांधे तपासणे ही कामे जोखमीची, आणि ती करणारे कितीतरी हात आज कंत्राटी आहेत. आपल्या भागातल्या लाइनमनकडे किती डी.पी. आहेत, हे त्याला एकदा विचारून पाहा. गल्लीतल्या दहा घरांनी सह्या करून न्यूट्रलच्या तपासणीचा अर्ज दिला, तर त्याच्या कामालाही बळ येते.

शेवटी एक गोष्ट हात जोडून सांगतो. वीज गेली की काहीजण जनित्र आणतात आणि त्याची तार घरातल्या सॉकेटात खोचतात. मेन उघडा राहिला, तर ती वीज उलट डी.पी.कडे जाते. 11,000 व्होल्टचे आपल्या कामाचे व्होल्ट करणारे तेच रोहित्र उलट्या वाटेने पुन्हा 11,000 व्होल्ट करते, आणि लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात ते येतात. चेंजओव्हर स्विच नसेल तर जनित्र घराच्या तारांना जोडू नका. फ्रिजची पिन सरळ जनित्रातच घाला.