तारे वाटोळे यावेत म्हणून



‘पृथ्वी फिरते’ हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. तिचें फिरणें खऱ्या अर्थानें अंगाशीं आलें तें सेवानिवृत्तीनंतर, दुर्बिणीला कॅमेरा जोडला तेव्हां.

आकाश १० मिनिटांत अडीच अंश सरकतें. म्हणजे पांच चंद्रबिंबें ओळीनें मांडावींत इतकें. अंधुक तेजोमेघाचें चित्र घेण्यास मात्र कॅमेऱ्याची झडप तितका वेळ उघडी ठेवावी लागते. दुर्बीण यंत्रानें फिरवितात हें खरें. पण यंत्राच्या दांतेरी चक्रांत थोडी चूक राहतेच. १८८९ सालापासून लिक वेधशाळेंत आकाशगंगेचीं छायाचित्रें घेतांना बार्नार्ड तासन्‌तास मार्गदर्शक दुर्बिणीला डोळा लावून बसत. माझ्या एका डोळ्यांत मोतीबिंदू उतरूं लागलेला. ती तपश्चर्या मला झेपणारी नव्हती.

आतां हें काम छोटा कॅमेरा करतो. दर एकदोन सेकंदांनीं तो एक तारा न्याहाळतो आणि तारा ढळला कीं मोटारीला सूचना देतो. मीं मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक लहान दुर्बीण बसवून तिला असा कॅमेरा लावला. पडद्यावरील आलेख सरळ. चित्रांत मात्र तारे तांदळासारखे लांबट! दोन हिवाळे असे गेले. दोष मधल्या कड्यांचा होता. दुर्बीण कलली कीं तीं केसभर वाकत आणि दोन दुर्बिणी दोन ठिकाणीं पाहूं लागत.

ह्यावरील उतारा म्हणजे स्वयंमार्गदर्शक कॅमेरा. सांता बार्बरा इन्स्ट्रुमेंट ग्रुप ह्या अमेरिकन कंपनीनें १९९४ च्या सुमारास एकाच पेटींत दोन संवेदक बसविले. मोठा चित्रासाठीं, छोटा ताऱ्यासाठीं. २०२३ सालीं झेडडब्ल्यूओच्या ‘ड्युओ’नें तीच कल्पना पुन्हां आणली. दोन्ही संवेदक एकाच दुर्बिणींतून पाहतात, तेव्हां कडीं वाकण्याचा प्रश्नच मिटला. एका स्नेह्याचा असा कॅमेरा आणून मीं मृगांतील तेजोमेघ टिपला. तारे टांचणीच्या टोकासारखे आले! साठविलेले पैसे मोजण्याच्या बेतांत होतों.

तेवढ्यांत हायड्रोजनची गाळणी लावून पाहिली. ही ६५६ नॅनोमीटरजवळचा तांबडा प्रकाश तेवढा सोडते. शहरी दिव्यांच्या उजेडांत ती वरदानच. पण ती दोन्ही संवेदकांवर पसरली आणि मार्गदर्शक तारा दिसेनासा झाला. दुकानदार ह्याविषयीं अवाक्षर बोलला नव्हता. तेव्हां छोटा संवेदक गाळणीआड जातो कीं काय, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें.

मीं शेवटीं गाळणीच्या पुढें एक चिमुकला लोलक बसविला. तो दृष्टिक्षेत्राच्या कडेचा प्रकाश वेगळ्या छोट्या कॅमेऱ्याकडे वळवितो. त्यांत तारा सांपडविणें हें नाकीं नऊ आणणारें काम. पहिल्या रात्रीं दीड तास गेला. ज्यांचें आकाश काळोखें आहे व ज्यांना गाळणी लावावयाची नाहीं, त्यांनीं खुशाल ड्युओ घ्यावा. दुर्बीण ३००–४०० मिलिमीटर नाभीय अंतराचीच असेल, तर ह्या खर्चांत पडूंच नये. पाठीवरची लहान दुर्बीण पुरते.

गेल्या माघांत गच्चीवरून गाळणीसह १० मिनिटांचें चित्र घेतलें. सकाळीं मोठ्या हौसेनें पत्नीला दाखविलें, “पाहा, सगळे तारे वाटोळे आले.”

ती म्हणाली, “अहो, ते वाटोळेच असतात ना?”