वहीत नसलेले मूल



दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील कित्येक बिऱ्हाडे ऊसतोडीस निघतात. मुकादमाने उचल आधीच दिलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि तोडलेल्या उसाच्या टनावर ती उचल फेडावयाची असते. या हिशेबात मूल कोठे आहे? कारखान्याच्या वहीत त्याचे नाव नाही, मुकादमाच्या वहीतही नाही. परंतु फडात जाऊन पाहा. आठ-नऊ वर्षांची मुलगी वाढे गोळा करते, कोपीपाशी धाकट्या भावंडास सांभाळते. त्यामुळे आईचा हात मोकळा होतो आणि मोळ्या वाढतात. काट्यावर उसाबरोबर तिचे श्रमही तोलले जातात. मजुरी मात्र तिला नाही आणि शाळा तर गावीच राहिली.

हा आईबापांचा दोष, असे म्हणून धंदा हात झाडतो. मी विचारतो, उचलीची ही रीत आईबापांनी घातली काय? दर टनावर आणि तळावर ना शाळा, ना पाळणाघर. मग मूल फडात येणार नाही तर कोठे जाईल? ज्याला नफा, त्याच्यावर जबाबदारीही आहे. आपल्यासाठी राबणाऱ्या मध्यस्थांकडून होणाऱ्या हक्कभंगाकडेही धंद्याने पाहिले पाहिजे, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ साली मान्य केले आहे.

कायदाही आपल्या बाजूस आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ च्या घटनादुरुस्तीने दिला. दाखल्यास उशीर झाला म्हणून शाळेने प्रवेश नाकारू नये, असे २००९ चा कायदा सांगतो. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामास लावण्याची मनाई केली. कुटुंबास मदत करण्याची सवलत तीत आहे. परंतु ती शाळा सुटल्यानंतरची वा सुटीतली आहे, शाळा बुडवून नव्हे.

बापाचे काम मुलाच्या माथी मारणारी रूढी आपण धर्मांतराने टाकून दिली. मग कोयता वारसाने का द्यावा? निघण्यापूर्वी गावात हंगामी वसतिगृह मागा. मूल बरोबर न्यावेच लागले, तर तळाजवळच्या शाळेत त्याचे नाव घाला. आणि उचलीच्या बोलणीतच मुलांच्या शाळेचे बोलणे करा. एकट्याचे मुकादम ऐकणार नाही. साऱ्या टोळीने मिळून बोला. टोळीवाचून त्याचा फड उभाच राहील.