तापातली आकडी आणि चांदीपुरा

नागपूरजवळच्या चांदीपुरा या गावाचे नाव आज जगभरच्या वैद्यकग्रंथांत आढळते. १९६५ साली तिकडे तापाची साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक अपरिचित विषाणू सापडला. जिथे सापडला तिथले नाव त्याला मिळाले. गावाचा यात काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पुढे कित्येक वर्षे या विषाणूला कोणी फारसे मनावर घेतले नाही. २००३ साली मात्र आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली. त्यांतली १८३ दगावली. शोध घेता चांदीपुराचेच नाव पुढे आले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेतही तो पुन्हा दिसला.

हा विषाणू मुख्यतः वाळूमाशी आणते. ती डासाहूनही बारीक असते. मातीच्या भिंतीची भेग, गोठ्यातला ओला कोपरा ही तिची घरे. ती फार दूर उडत नाही आणि नेहमीच्या मच्छरदाणीच्या जाळीतून खुशाल आत शिरते.

रोग झडप घालतो तो बहुधा पंधरा वर्षांखालील मुलांवर. सकाळी अंगणात खेळणारे पोर दुपारी तापाने फणफणते, उलट्या करते, त्याला आकडी येते आणि शुद्ध हरपते. मेंदूला सूज येते. पण कवटी पडली हाडाची, सुजेला जागा कुठून मिळणार? तो दाब श्वासाच्या केंद्रावर पडला की जीव धोक्यात येतो. एक-दोन दिवसांतही सारे आटोपते.

अशा वेळी घरात काय होते? कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी देवऋषीकडे धावतो. माया खरी असते, पण तास फुकट जातात. मुलाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. तापातली प्रत्येक आकडी चांदीपुराची नसते, हेही खरे. पण ते घरबसल्या ओळखता येत नाही.

तुम्ही विचाराल, या विषाणूवर खास औषध नाही, लसही नाही, मग दवाखान्यात नेऊन काय उपयोग? उपयोग आहे. तिथे आकडी थांबवतात, सूज उतरवण्याचे औषध देतात, श्वासाला आधार देतात. तेवढ्यात शरीराला झगडायला अवधी मिळतो.

गुरुजींना एक विनंती. वर्गात मूल तापले, गुंगल्यासारखे बोलू लागले, तर त्याला एकट्याला घरी धाडू नका. सोबत मोठे माणूस द्या.

आणि शेतकरी बंधूंनो, घर शाकारताना भिंतींच्या भेगाही लिंपून घ्या. गोठ्यातले शेण रोज उचला, आणि फवारणीवाले आले तर त्यांना माजघराचे दारही उघडून द्या.