हायस्कुलाच्या रंगभूमीवर हायस्कुलांतील मुलें



डिसेंबर उजाडला, कपाशीची वेचणी सरत आली, कीं जामनेरसारख्या तालुक्याच्या गांवीं हायस्कुलांच्या स्नेहसंमेलनांचे मांडव उभे राहूं लागतात. कांग नदीच्या कांठच्या या गांवीं मीं अशीं पुष्कळ संमेलनें पाहिलीं आहेत, आणि प्रत्येक वेळीं एकच चमत्कार पाहिला आहे. ज्याला नुकतें मिसरूड फुटूं लागलें आहे तो मुलगा कापसाची दाढी लावून म्हातारा होतो. जिच्या वेण्या अजून शाळेच्या रिबिनींत आहेत ती मुलगी जिजाबाई होऊन राज्याची चिंता वाहते. कोणी राजा होतो, कोणी पाटील, कोणी हवालदार. पंधरा वर्षांचा मुलगा रंगभूमीवर पंधरा वर्षांचा मुलगा मात्र क्वचितच होतो.

ही रीत आजची नव्हे. नारायणराव राजहंस, म्हणजेच आपले बालगंधर्व, लहानपणीं शिक्षणासाठीं जळगांवास होते. गाण्याचे पहिले धडेही त्यांनीं तेथेंच घेतले. १९०५ सालीं ते किर्लोस्कर मंडळींत गेले तेव्हां त्यांचें वय सतरा वर्षांचें होतें, आणि मंडळीनें त्यांना उभें केलें तें शकुंतला म्हणून. पुढें त्यांनीं शारदेचीही भूमिका केली. या शारदेपाशीं मला थोडें थांबावेंसें वाटतें. देवलांचें हें नाटक १८९९ सालचें. वृद्ध भुजंगनाथाला कांचनभट आपली मुलगी पैशाच्या लोभानें देऊं करतो, एवढीच हकीकत. परंतु देवलांनीं त्या मुलीला मैत्रिणींच्या घोळक्यांत बसविलें आणि तेथें तिला बोलतें केलें. वडील माणसें तिच्याविषयीं काय बोलतात हें तर प्रत्येक नाटकांत असतें. ती स्वतः आपल्या बरोबरीच्या मुलींशीं काय बोलते, हें ऐकण्याची बुद्धि देवलांना झाली. मराठी रंगभूमीवर या वयाचें मन खऱ्या अर्थानें उघडें झालें तें येथें, असें माझें मत आहे. मात्र 'शारदा' लिहिलें गेलें तें धंदेवाईक मंडळीसाठीं, शाळेसाठीं नव्हे.

शाळेसाठीं लिहिणारेही झाले. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्पांतील शाळेचे मुख्याध्यापक असतांना त्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं 'गुरुदक्षिणा'सारखीं नाटकें लिहिलीं. पण त्यांचे विषय पुराणांतले. १९५९ सालीं सुधाताई करमरकरांनीं मुंबईस 'लिटल थिएटर' काढून रत्नाकर मतकरींचें 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणलें, आणि बालनाट्याला नवें तेज आलें. पण राक्षस आणि पऱ्या यांची मौज दहा वर्षांच्या मुलांना जितकी, तितकी नववीच्या मुलांना कोठून असणार? पुढें १९८६ च्या सुमारास डॉ. मोहन आगाशे यांच्या प्रयत्नानें बर्लिनची 'ग्रिप्स' पद्धति पुण्यास आली. तिच्यांत मुलांचे खरे प्रश्न आहेत, घरचीं भांडणें आहेत, भीति आहे. मात्र मुलांच्या भूमिका करतात मोठीं माणसें! मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' या कादंबरींत तर नववीचा मुलगाच बोलतो, आणि तिच्यावरून 'गमभन' हें नाटकही झालें. तरी संमेलनाच्या अर्ध्या तासांत, बाकें जोडून केलेल्या व्यासपीठावर, गणिताच्या तासाला दांडी न मारतां बसवितां येईल असें नाटक शोधूं लागावें, तर शिक्षकाच्या हाताला फारसें कांहीं लागत नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांपूर्वीं येथल्याच एका शाळेनें मला तालमी घेण्यास बोलाविलें. शाळेचें नांव सांगत नाहीं. नाटुकलें एका शिक्षकांनीं लिहिलें होतें. नववींतील एका मुलीचें लग्न ठरतें. शेवटच्या प्रवेशांत गुरुजी येतात, २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा समजावून सांगतात, अठरा वर्षांची अट सांगतात, आणि वडिलांचे डोळे उघडतात. टाळ्या, पडदा. तिसऱ्या दिवशीं नायिकेची भूमिका करणारी मुलगी मला हळूच म्हणाली, "सर, असं होत नाही."

"मग कसं होतं?"

"वडील काहीच बोलत नाहीत. जेवत राहतात."

मीं लेखकांकडे पाहिलें. त्यांचा चेहरा उतरला होता, हें खरें; पण माणूस मनाचा मोठा. त्यांनीं स्वतःचें भाषण स्वतःच्या हातानें खोडलें. त्या दिवसापासून तालीम निराळीच झाली. मुलांनीं पुस्तकी मराठी टाकली आणि आपल्या घरची तावडी घेतली. ज्या मुलाला आदल्या दिवसापर्यंत दोन वाक्यें धड पाठ होत नव्हतीं, तो बापाच्या भूमिकेंत असा कांहीं बोलूं लागला कीं त्याला थांबवावें लागे. वेचणीच्या दिवसांत शाळा बुडते, हजेरी मागितली म्हणजे खोटा ताप सांगावा लागतो, मोबाईल एक आणि त्याच्यावर हक्क भावाचा, या साऱ्या गोष्टी त्यांनीं आपण होऊन आणल्या. कांहीं मलाही गाळाव्या लागल्या. कारण एका मुलीनें सांगितलेली हकीकत तिच्या शेजारणीच्या घरची होती, आणि तें घर प्रेक्षकांत बसणार होतें. असलें नाटक बसविणाऱ्यानें येथें फार जपलें पाहिजे. मुलांचें खरेपण हवें. त्यांच्यांतल्या कोणाची उघड्यावर बेअब्रू नको.

प्रयोगाच्या रात्रीं शेवटचा प्रवेश असा झाला: मुलगी उभी राहून विचारते, "मी दहावीला बसू ना?" बाप भाकरी मोडतो. आई त्याच्या ताटांत भाजी वाढते. पडदा पडतो. टाळ्या बराच वेळ आल्या नाहींत. मागें बायकांच्या बाजूला कोणीतरी नाक ओढलें, तें मला व्यासपीठाच्या कडेला ऐकूं आलें.

दुसऱ्या दिवशीं गांवांतील एक प्रतिष्ठित गृहस्थ भेटले. म्हणाले, "नाटक बरें होतें हो, पण शेवटीं मुलांना बोध काय मिळाला?" मीं त्यांना सांगितलें कीं प्रश्न मुलांनीं विचारला होता, आणि तो आपणां मोठ्यांना होता. त्यांना तें आवडलें नाहीं.

पुढच्या वर्षीं संमेलनाच्या दोन महिने आधीं आठवी आणि नववीचीं पांच मुलें माझ्या घरीं आलीं. बरोबर दोनशे पानी वही होती, आणि तींत सात प्रवेश लिहिलेले होते. भूमिका अकरा. मीं सहज पाहिलें, तर त्या अकरांत एकालाही दाढी नव्हती.