सातासमुद्रापलीकडची जयंती

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान माणूस नाही. गिरणीत काम करता करता जे वाचलं, तेवढीच माझी शिदोरी. आज घरातलीच एक गोष्ट सांगणार आहे.

माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त लंडनला असतात. तिथं १४ एप्रिलची सुट्टी नाही, निळे झेंडे नाहीत, मिरवणूक नाही. मागच्या जयंतीआधी लेकीचा फोन आला. सहज विचारलं, "बाबासाहेबांचा फोटो कुठं लावलाय?" ती जरा थांबली. म्हणाली, "आबा, आतल्या खोलीत. बिल्डिंगमध्ये आपल्याकडची बरीच कुटुंबं आहेत. आडनाव विचारतात, गाव विचारतात. पोरांना कुणी वेगळं काढू नये म्हणून..."

मला राग आला. मी फोन ठेवून दिला. पण रात्रभर झोप लागली नाही. कारण गिरणीत नवीन लागलो तेव्हा खोली भाड्याने मिळावी म्हणून मीही आडनाव चोरलं होतं. मग पोरीला कुठल्या तोंडानं बोलू?

बंधूंनो, जात विमानात बसून जाते. अमेरिकेत सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करणारा कायदा केला. जात तिथं पोचलीच नसती, तर कायद्याची गरज कशाला पडली असती?

सकाळी मीच फोन लावला. म्हटलं, "पोरी, माझं चुकलं. फोटोचं राहू दे. आधी मुलांना बाबासाहेबांचं घर दाखव." लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ साली राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतलं आणि तिथं स्मारक झालं. पुढे १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. ते बॅरिस्टरही झाले.

सुट्टीच्या दिवशी ते सगळे तिथं गेले. सात वर्षांचा नातू फोनवर म्हणाला, "आजोबा, बाबासाहेब आमच्या गावात राहायचे!" बघा, आपण म्हणतो आमचे, तो म्हणतो आमच्या गावचे. दोघांचंही खरं आहे.

त्या संध्याकाळी फोटो बाहेरच्या खोलीत आला. खीर केली, मुलांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. लेकीने शेजारच्या तीन घरांना बोलावलं. दोन आली, एक आलं नाही. आलेल्यांतली एक बाई जाताना हळूच म्हणाली, "ताई, आमच्याकडंही फोटो आहे. कपाटात आहे." हे सांगताना लेक रडत होती, आणि इकडं मीही.

आता आपल्याकडं वळतो. जयंतीची प्रथा आपल्याच पुण्यात, १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी सुरू केली. बाबासाहेब तेव्हा हयात होते. आज आपल्याकडं चेलाडी फाट्यापासून गाणी वाजवत यायला कुणाची भीती नाही. पण पाच वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन नाचताना त्याला हे कोण, त्यांनी काय केलं, हे आपण सांगतो का? परदेशातल्या आईला ते मुद्दाम सांगावं लागतं. आपण समजतो, ढोलाच्या आवाजात पोराला आपोआप कळेल. तसं कळत नाही, मायबापहो!

म्हणून माझी विनंती आहे. दर रविवारी तासभर या विहारात मुलांना बसवा. पंचशील अर्थासह शिकवा. जयंतीला नव्या कपड्यांबरोबर एक पुस्तक द्या. आणि ज्यांची मुलं बाहेरगावी, परदेशी आहेत, त्यांनी रागावण्याआधी त्यांची भीती ऐकून घ्या. भीती गेली की फोटो आपोआप बाहेरच्या भिंतीवर येतो.



नमो बुद्धाय! जयभीम!