उपचारातला कुत्रा आणि त्याचा माणूस



ज्या मोताळा तालुक्यात कपाशीचा भाव, नळगंगेच्या धरणातील पाणी आणि पेरणीचे कर्ज हेच चिंतेचे विषय आहेत, तेथे आजाऱ्याजवळ बसणाऱ्या कुत्र्यावर व्याख्यान द्यावयाचे, हा बेत राजूर घाट उतरेपर्यंत मलाच थोडा धारिष्ट्याचा वाटत होता. परंतु अंथरुणाला खिळलेला वृद्ध, वाचा न फुटलेले मूल आणि त्यांच्या उशाशी वर्षानुवर्षे बसून स्वतःच अबोल झालेली सून किंवा आई, ही काही मुंबईची मिरासदारी नव्हे.

मनोरुग्णांना साखळदंडांनी जखडण्याच्या काळात, 1796 मध्ये, इंग्लंडातील यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर पंथीय सद्गृहस्थाच्या प्रयत्नाने जे रुग्णालय उघडले, त्याच्या अंगणांत ससे आणि कोंबड्या वावरत. मुक्या जिवाच्या सहवासाने रुग्णाच्या ठायी सद्भाव जागा होतो, अशी तेथील चालकांची श्रद्धा होती. पुढे न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मूल ठरल्या वेळेआधीच येऊन ठेपले आणि जे माणसांना जवळ येऊ देत नव्हते ते त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याला जाऊन बिलगले. 1961 मध्ये त्यांनी हा अनुभव समव्यावसायिकांपुढे मांडला, तेव्हा फीमध्ये कुत्र्याचा हिस्सा किती, असा प्रश्न त्यांना थट्टेने विचारण्यात आला असे सांगतात. विद्वानांच्या सभेतही टवाळी चालतेच! आपल्याकडे मीनल कविश्वर यांच्या 'अ‍ॅनिमल एंजल्स' संस्थेने हे काम मुंबईत रुजविले. 2015 मध्ये तर तिचे कुत्रे विमानतळावरील धास्तावलेल्या प्रवाशांच्या भेटीस गेले.

या हकिकतींतील एक गोष्ट सहसा नजरेआड होते. जिंगल्स हा इस्पितळाच्या दफ्तरी नोंदलेला जिन्नस नव्हता, तो डॉक्टरांचा स्वतःचा कुत्रा होता. थेरपी डॉग परक्या खोलीत, औषधांच्या उग्र दर्पात, अनोळखी हातांखाली निश्चल बसतो, तो शिकवणुकीमुळे बसतो हे खरेच. परंतु आपला माणूस शेजारी आहे आणि प्रसंगी तो आपल्याला येथून उठवून नेईल, हा भरवसा नसेल तर ती शिकवणूक फार काळ टिकत नाही. जपानमधील आझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखविले की, कुत्रा आणि त्याचा धनी दीर्घकाळ एकमेकांकडे पाहतात तेव्हा माता आणि अर्भक यांच्या जिव्हाळ्याशी निगडित असलेले ऑक्सिटोसिन हे द्रव्य दोघांच्याही शरीरात वाढते. म्हणजे येथे देणारा एक आणि घेणारा दुसरा, असा व्यवहारच नाही.

म्हणूनच त्या माणसाचे पहिले कर्तव्य रुग्णाकडे पाहण्याचे नसून कुत्र्याकडे पाहण्याचे असते. अवेळी आलेली जांभई, पुनःपुन्हा ओठ चाटणे, मान फिरविणे, ही श्रमाची आणि नाराजीची लक्षणे होत. ती दिसताच, समोरचे मूल कितीही हिरमुसले तरी, बैठक आटोपती घेतली पाहिजे. ज्याला नकाराची मुभा नाही त्याच्याकडून घेतलेल्या सेवेला वेठबिगार म्हणतात, मग तो चार पायांचा का असेना. महाभारतातील धर्मराजाच्या कथेत आपण कुत्र्याच्या निष्ठेने गहिवरतो. वस्तुतः तेथे कसोटी लागते ती माणसाच्या निष्ठेची, आणि कथा ऐकून घरी परतताना वाटेतल्या कुत्र्याला धोंडा मारण्यास आपला हात कचरत नाही.

मोताळ्यात यासाठी भारी किमतीचा विलायती कुत्रा आणण्याची गरज मला दिसत नाही. शेतावरच्या गावठी कुत्र्यांतही शांत, माणसाळलेले, लहान मुलांच्या गलबल्याने न बुजणारे जीव असतात. मात्र ते पारखण्यास जाणता मनुष्य हवा, आणि कुत्रा गरीब आहे एवढ्यावर त्याला आजाऱ्याच्या खाटेशी नेणे हा अविचार होय. तेव्हा येथील एखाद्या शाळेने किंवा वृद्धाश्रमाने असा मनसुबा केलाच, तर कुत्रा शोधण्यापूर्वी, दहा वर्षे त्याची जबाबदारी घेणारा इसम कोण, हे नावानिशी ठरवावे. आणि त्या इसमाने पहिल्या भेटीआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचा दाखला हाती घ्यावा.