कारशेडला एवढी जागा कशाला?



संयोजकांनी "तुझ्या कामाविषयी पंधरा मिनिटं बोल" असं सांगितलं. माझं काम म्हणजे विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या कारशेडचे आराखडे करणं. लोक गाडीत बसतात, स्टेशन पाहतात. कारशेडकडे सहसा कुणी बघत नाही. आरेमुळे मात्र हा शब्द घराघरात पोचला आणि तेव्हापासून आपल्यातल्या निदान पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय: "अगं, गाड्या रात्री उभ्याच करायच्या ना? मग एवढी जागा कशाला? स्टेशनातच ठेवा की!" प्रश्न रास्त आहे. आज त्याबद्दलच बोलते.

सर समोर बसलेत, तेव्हा गणितापासून सुरुवात करू. समजा, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला दोन तास लागतात आणि गर्दीच्या वेळी दर चार मिनिटांनी गाडी हवी. १२० भागिले ४, म्हणजे ३० गाड्या. शिवाय तपासणीत अडकलेल्या आणि ऐन वेळी लागणाऱ्या अशा तीन-चार. आठ डब्यांची गाडी साधारण १८० मीटर लांब. त्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि मधून माणसाला बादली घेऊन चालता येईल एवढी वाट सोडायची. इथवर हिशोब सोपा. जागा खातं ते एका रुळाचे वीस रूळ करणं. हाताच्या पंजासारखे ते फाटत जातात, प्रत्येक फाट्यावर एक सांधा, आणि गाडी काही रिक्षासारखी जागच्या जागी वळत नाही. हा पंजाच कधी कधी उभ्या गाडीपेक्षा लांब होतो. म्हणून आम्हाला लांबट, सपाट जमीन हवी असते. मिळते ती बहुधा तिरकी, मधून नाला गेलेली.

स्टेशनात आणि टोकाच्या मार्गिकांवर काही गाड्या रात्री ठेवतातही. पहाटे दोन्ही बाजूंनी सेवा सुरू करायला ते सोयीचं पडतं. पण तिथे गाडीच्या पोटाखाली जाता येत नाही. शिवाय रूळ आणि तारा दुरुस्त करणाऱ्या माणसांना तेच दोन-तीन तास मिळतात, त्यांना मार्ग मोकळा लागतो.

गाडीच्या पोटाखाली जाणं हेच कारशेडचं खरं काम. तपासणीच्या शेडमध्ये रूळ जमिनीवर नसतात, खांबांवर असतात. खालची जमीन खोल नेलेली असते, म्हणजे माणूस ताठ उभा राहून ब्रेक, बेअरिंग, बोल्ट बघू शकतो. दुसरी पातळी डब्याच्या दाराची. तिसरी छताची, कारण एसी आणि तारेला टेकणारा पँटोग्राफ वर असतो. एकाच गाडीला तीन मजले. चाकांचं प्रकरण आणखी वेगळं. लोकलमध्ये बसल्यावर डब्याखालून एका लयीत ठकठक येते, ती आठवते? ओल्या रुळावर ब्रेक लागला की चाक न फिरता घसरतं आणि एका जागी चपटं होतं. ते पुन्हा गोल करायला जमिनीखाली लेथ बसवलेलं असतं. गाडी त्यावर आणून उभी करायची, चाक न काढता खालून तासायचं. या लेथचा खड्डा अगदी सुरुवातीलाच नक्की करावा लागतो. शेड उभी राहिल्यावर तो सरकवता येत नाही.

आपल्याकडे हे काम शंभर वर्षांचं आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्टवर. कुर्ल्याची कारशेड त्या काळापासूनची. आज मुंबईच्या लोकलला आणि नव्या मेट्रोला वरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा पुरवठा असतो. या विजेला हात लावावा लागत नाही. पुरेसं जवळ गेलं की ती स्वतःच झेप घेते. आणि पँटोग्राफ तपासणारा माणूस बरोबर त्या तारेखाली, छताच्या उंचीवर उभा असतो.

म्हणून "स्विच बंद केलाय, चढ वर" या शब्दावर कुणी चढत नाही. तिथे किल्ली असते. आधी त्या मार्गिकेचा पुरवठा तोडायचा, मग तार जमिनीला जोडायची. हे दोन्ही झाल्याशिवाय किल्ली कुलपातून निघतच नाही. छताकडे जाणाऱ्या जिन्याचं दार त्याच किल्लीने उघडतं, आणि दार उघडं असेपर्यंत किल्ली त्या दारात अडकून राहते. किल्ली परत जागेवर गेल्याशिवाय वीज चालू करता येत नाही. मला या सगळ्या पसाऱ्यात ही किल्ली सगळ्यात जास्त आवडते. तिला कुणाची घाई कळत नाही.

एका बैठकीत (कुठल्या ते सांगत नाही) खर्च कमी करायला एक सूचना आली. दोन मार्गिकांच्या मधल्या उंच फलाटाला एकच जिना आणि एकच दार द्यावं. कागदावर छान दिसत होतं. अडचण अशी की रात्री तीन वाजता डावीकडची तार बंद आहे, उजवीकडची चालू आहे, आणि आठ तास काम केलेला माणूस पान्हा घेऊन मध्ये उभा आहे. तो नुसता वळला तरी संपलं. मी म्हटलं, एकच दार द्यायचं तर ते दोन्ही किल्ल्यांशिवाय उघडता कामा नये. नाहीतर फलाट वेगळे करा, मध्ये भिंत घाला. अर्धा दिवस गेला त्यात. शेवटी फलाट वेगळे झाले. ती शेड आता चालू आहे.

दुसरी भीती पाण्याची. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी जपानमध्ये वादळी पावसाने चिकुमा नदीचा बांध फुटला आणि नागानोच्या कारशेडमध्ये उभ्या असलेल्या १० शिंकान्सेन गाड्या, म्हणजे १२० डबे, पाण्यात गेले. गाडीची बरीच यंत्रणा तळाशी असते, त्यामुळे ते सगळे डबे अखेर मोडीत काढावे लागले. जपानसारख्या काटेकोर देशात हे झालं. आपण तर २६ जुलै २००५ पाहिलेला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. त्यामुळे जमीन किती उंच ठेवायची हा आराखड्यातला पहिल्या काही आकड्यांपैकी एक असतो. पण भराव टाकला की आमचं पाणी शेजारच्या वस्तीत शिरतं. ते तिथे जाऊ नये म्हणून नाला रुंद करायचा, पाणी थोपवायला तळं ठेवायचं, आणि त्यालाही पुन्हा जागा लागते.

त्याच ऑक्टोबरात, जेमतेम आठवडाभर आधी, आरेत झाडं पडली होती. ४ तारखेला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, रात्री करवती चालू झाल्या, ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं; तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. पुढे २०२० मध्ये कांजूरमार्ग, मग कोर्टाची स्थगिती, २०२२ मध्ये पुन्हा आरे. मी त्या प्रकल्पावर नव्हते, तेव्हा मोकळेपणाने सांगते. कारशेड मार्गाच्या टोकाशी हवी हे खरं होतं, नाहीतर रिकाम्या गाड्या रोज दूरवर पळवाव्या लागतात. मिठी नदीकाठची ती जमीन पाणी मुरवते हेही खरं होतं. पण मार्गाचं टोक कुठे येणार हे एकदा ठरलं की कारशेड त्याच्यामागे फरफटत जाते, आणि ते ठरतं तेव्हा रस्त्यावर कुणीही नसतं. हरकती-सूचनांची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात असते. आपल्यातल्या किती जणांनी अशी एखादी नोटीस पूर्ण वाचलीय?

मग चांगली जागा कुठली? पुण्यातल्या मंडळींनी वनाजला उतरून बघावं. तिथली मेट्रोची कारशेड कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आहे. वापरून झालेली जमीन पुन्हा वापरली, मला हे मनापासून पटतं. अशी जमीन फुकट मिळत नाही, हेही सांगते. कचरा वर्षानुवर्षं कुजत, खचत राहतो, आतून वायू निघतो, आणि आमच्या रुळांना काही मिलिमीटरचाही फरक जाचतो. असल्या ठिकाणी एकतर कचरा उपसायचा, नाहीतर खालच्या पक्क्या थरापर्यंत पाया न्यायचा. आणि कोथरूडला जागा मोकळी झाली ती कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे गेल्यावर. तिथल्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. आपल्या वर्गातले दोघे त्याच भागातले आहेत. त्यांना माझ्याशी यावर भांडायचं असेल, तर जेवणाच्या वेळी मी डाव्या बाजूच्या टेबलावर आहे.